मुदत नसलेली गोळी

आषाढातली एक ओली दुपार होती. आगरहून डहाणूच्या बाजारात काही किरकोळ कामासाठी गेलो असता पावसाची जोराची सर आली, म्हणून एका औषधाच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो. लावणीचे दिवस असल्यामुळे बाजारात फारशी वर्दळ नव्हती. तेवढ्यात डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, पंचेचाळिशीच्या आसपासची एक बाई दुकानाशी आली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, आंगदुखीची दे." आतल्या मुलाने खणातून एक स्ट्रिप काढली, कात्रीने सहा गोळ्या कापल्या, आणि मग, तिने न मागताच, दुसऱ्या स्ट्रिपमधल्या सहा पिवळ्या गोळ्या कापून त्यांच्याशेजारी ठेवल्या. "ही सकाळी उपाशीपोटी. पोटासाठी." बाईने दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले. "छातीत आग पडते, त्यावर हीच ना?" "हीच." "कवर खायची?" "बरं वाटेस्तोवर खा, मावशी." तिने पैसे दिले, गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि ती पावसात निघून गेली. स्ट्रिपच्या ज्या टोकावर औषधाचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, ते टोक दुकानाच्या खणातच राहिले.

त्या मुलाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. दिवसाची मजुरी बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत औषधाचे दुकान हाच पहिला दवाखाना आहे, आणि तो मुलगा सौजन्याने वागत होता. परंतु त्याच्या तोंडून सहज निघालेले ते तीन शब्द मला तेव्हापासून अस्वस्थ करीत आले आहेत. ज्या औषधाचा गुणधर्मच असा की ते चालू आहे तोवर बरे वाटावे आणि थांबताच पुष्कळदा पूर्वीपेक्षा अधिक जळजळावे, ते औषध "बरे वाटेपर्यंत" घेण्यास सांगणे म्हणजे त्याला कसलीही मुदत न घालणे होय. आणि पोटातील आम्ल कमी करणाऱ्या या गोळीला लेखी मुदत असलीच पाहिजे, एवढेच मला या लेखात आग्रहाने सांगावयाचे आहे.

प्रथम या औषधाचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण ते मोठे आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत जठरव्रण म्हणजे आयुष्यभराची यातना होती. दूध, पेज आणि खाण्याचा सोडा यांवर दिवस काढायचे, आणि व्रण फुटला किंवा रक्त वाहू लागले तर मुंबई गाठून पोटाचा काही भाग कापून काढून घ्यायचा, याहून अधिक काही वैद्यकाच्या हाती नव्हते. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली इंग्लंडात विक्रीस आले, आणि १९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्राझोल आले; त्याच वर्षी ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. या औषधांमुळे शस्त्रक्रियागृहांतून व्रणाची नेहमीची शस्त्रक्रिया जवळजवळ नाहीशी झाली. आज ज्याला सगळे "पॅन फॉर्टी" म्हणून ओळखतात ते पॅन्टोप्राझोल ओमेप्राझोलच्याच कुळातले. मधल्या काळात घराघरांत असलेले रॅनिटिडीन मात्र, त्यात कर्ककारी ठरू शकणाऱ्या एका द्रव्याचा अंश सापडल्यापासून संशयाच्या छायेत गेले, आणि २०२२ साली आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही वगळले गेले.

ही गोळी काय करते, हे एकदा नीट समजून घेतले तर पुढचे सगळे आपोआप उलगडते. जठराच्या अस्तरातील काही पेशींमध्ये आम्ल बाहेर फेकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. आपण जेवावयास बसलो की ते पंप जागे होतात आणि कामाला लागतात. आणि जो पंप कामाला लागला आहे त्यालाच ही गोळी जाऊन घट्ट चिकटते. म्हणून ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची. छाती जळू लागल्यावर, जेवून झाल्यावर, झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. एकदा बंद झालेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवे पंप घडवावे लागतात; म्हणूनच गोळी स्वतः रक्तातून काही तासांत नाहीशी होत असली तरी तिचा परिणाम दिवसभर टिकतो, आणि पूर्ण परिणाम साधण्यास तीन-चार दिवस लागतात. पण शरीर तरी स्वस्थ कुठे बसते? आम्ल कमी पडत आहे असे दिसताच ते आम्लाचा तगादा लावणारे संप्रेरक वाढविते, आणि महिनोन्‌महिने तगादा चालू राहिला की आम्ल तयार करण्याची यंत्रणाच वाढीस लागते. मग एके दिवशी गोळी एकदम बंद केली की दाबून ठेवलेले सगळे आम्ल एकाच वेळी उसळून येते.

हे मी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या छातीवर शिकलो. काही वर्षांपूर्वी पाय मोडल्यामुळे एका इस्पितळात पडून होतो. वेदनाशामक औषधाबरोबर पोटासाठी म्हणून ही गोळी सुरू झाली. पाय सहा-सात आठवड्यांत सांधला, वेदनाशामक बंद झाले. गोळी मात्र बंद करावयास कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सहा वर्षे मी ती दररोज सकाळी चहाच्या आधी घेत होतो. प्रवासाला निघताना चष्मा विसरलो असेन, गोळी कधी विसरलो नाही. एकदा मनाशी ठरवून ती थांबविली, तर चौथ्या दिवशी रात्री घशापर्यंत आग आली, आणि मला खात्री पटली की माझा जुना आजार परत आला. मला जुना आजार नव्हताच! मला मुळात मोडलेला पाय होता. डेन्मार्कमध्ये केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसून आले आहे: ज्यांना आम्लपित्ताचा कसलाही त्रास नव्हता अशा १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे या जातीची गोळी देऊन मग ती बंद केली, तेव्हा त्यांतील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असले त्रास सुरू झाले, नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे औषधाने निरोगी माणसांत तोच विकार निर्माण केला, ज्यासाठी ते औषध द्यावयाचे असते. माझ्या डॉक्टरांनी पुढे मात्रा निम्मी केली, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरते नुसते पातळ अँटासिड, अशा क्रमाने दोन महिन्यांत मला तीतून सोडविले.

आता व्रणाविषयी. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांनी जठराच्या अस्तरातील एका वळणदार जंतूचा माग काढला. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतील तबकड्या नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच-सहा दिवस उबवणीत राहून गेल्या, आणि तोवर हुलकावणी देत आलेला तो जंतू त्या तबकड्यांवर प्रथमच वाढलेला दिसला. आम्लात जंतू जगतच नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या वैद्यकजगताला पटावे म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन टाकला, जठराचा दाह ओढवून घेतला आणि मग प्रतिजैविकांनी तो बरा केला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात आढळतो. बहुसंख्यांना तो काहीही त्रास देत नाही, परंतु ज्याच्या पोटात व्रण आहे त्याच्यासाठी मात्र जंतूचा बंदोबस्त केल्याशिवाय व्रणाचे उच्चाटन नाही. आम्ल कमी केले तर व्रण भरतो, गोळी थांबविली की पुन्हा उघडतो. जंतू मारला तर बहुधा उघडत नाही. दोन प्रतिजैविके आणि आम्लशामक गोळी असा सामान्यतः चौदा दिवसांचा तो उपचार आहे. आणि येथे बेमुदत गोळीचा एक असा तोटा आहे, ज्याची वाच्यता फारशी होत नाही: ही गोळी चालू असताना जंतू दबून राहतो आणि श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणून तपासणीपूर्वी दोन आठवडे ती बंद ठेवावी लागते. जो वर्षानुवर्षे ती घेत आहे, तो स्वतःच्या रोगाचा पुरावाच दडवीत असतो.

व्रणाचे दुसरे कारण वेदनाशामक गोळी, आणि आमच्या भागात मला तीच अधिक दिसते. भाताची लावणी म्हणजे दिवसभर कंबरेत वाकून पाण्यात उभे राहणे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या पाठीवरचा भार निराळा. पहाटे बंदरावर जाळी ओढणाऱ्यांचे खांदे निराळे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुखणे थांबवितात, पण ज्या द्रव्यांमुळे जठराचे अस्तर स्वतःचे रक्षण करते ती द्रव्येही त्या बंद पाडतात. तेव्हा दुकानातल्या त्या मुलाने वेदनाशामकाला आम्लशामकाची जोड दिली, यात शास्त्र आहे; साठी उलटलेल्या किंवा पूर्वी व्रण झालेल्या माणसाला तशी जोड द्यावीच लागते. पण पहिली गोळी कधी थांबणार हे कोणी ठरविले नाही तर दुसरीही थांबत नाही, आणि रोज तीन वेळा वेदनाशामक घेणाऱ्या बाईच्या पोटातील आग शमवून आपण तिला मिळालेली एक सूचना पुसून टाकीत असतो.

मिरचीला मात्र मी या खटल्यातून मुक्त करू इच्छितो. आमच्या वाणगावची मिरची दूरवर जाते, आणि मिरचीचा खर्डा व सुके बोंबील यांवर भाकरी खाणाऱ्याला "तिखट सोड, मग अल्सर बरा होईल" असे सांगण्याची रीत सर्वत्र आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९८४ साली लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण असलेल्या ५० रोग्यांवर याची परीक्षा घेतली. अर्ध्यांना रोज तीन ग्रॅम लाल तिखट खावयास दिले, अर्ध्यांना नाही, आणि दोन्हींचे व्रण सारख्याच प्रमाणात भरून आले. ज्याला तिखटाने जळजळते त्याने ते कमी करावे, एवढे ठीक. पण गरिबाच्या ताटातली एकमेव चव काढून घेऊन त्याला उपचार म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आम्ल घशाकडे उलटणे हा व्रणाहून वेगळा विकार, आणि त्याचे मूळ पुष्कळदा जेवणाच्या वेळांत आहे. विरारपुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ साली सुरू झाल्या, हे आमच्यासाठी मोठे सुख झाले. पण पहाटेच्या अंधारात नुसत्या चहावर गाडी पकडणारा, दिवसभर वडापाव आणि चहा, आणि रात्री दहा वाजता घरी येऊन पोटभर जेवून लगेच आडवा होणारा असा एक मोठा वर्ग त्या गाड्यांबरोबर निर्माण झाला. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधला दरवाजा सैल असेल तर भरलेल्या पोटाने आडवे होताच आम्ल वर चढणारच. रात्रीचे जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाचा डोक्याकडचा भाग विटा लावून अर्धा फूट उंच, तंबाखू आणि ताडी कमी, पोटाचा घेर कमी. हे उपाय जुने आहेत आणि खरे आहेत. आपल्या माधवनिदानात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद केलेले आहेत, यावरून वर चढणारे आम्ल आपल्या पूर्वजांच्याही चांगल्या परिचयाचे होते हे दिसते. जळजळ फारच असेल तर चार ते आठ आठवडे गोळीही घ्यावी. त्यानंतर मात्र ती थांबवून पाहिली पाहिजे.

दीर्घकाळ घेतल्याने काय बिघडते, याविषयी वृत्तपत्रांतून भीतिदायक मजकूर अधूनमधून येतो, आणि त्यातला पुष्कळसा अतिरंजित असतो. १७,५९८ रोग्यांना तीन वर्षे पॅन्टोप्राझोल किंवा नुसती खोटी गोळी देऊन केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात हाडे मोडणे, मूत्रपिंडाचा विकार, स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, फक्त आतड्याचे संसर्ग थोडे अधिक दिसले. म्हणून ज्याच्या हृदयात स्टेंट आहे आणि त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्याला एकदा व्रणातून रक्तस्राव झाला आहे, ज्याची अन्ननलिका आम्लाने सोलवटली आहे, त्याने माझा लेख वाचून आपली गोळी एक दिवसही चुकवू नये. त्याची मुदत लांब असेल, कदाचित आयुष्यभराची असेल. पण ती कोणीतरी विचारपूर्वक घातलेली असेल.

आमच्या दोन तालुक्यांसाठी मात्र मला एक वेगळीच काळजी वाटते. अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास जठरातील आम्लाची मदत लागते. आम्ल सतत दाबून ठेवले की लोह कमी शोषले जाते, जीवनसत्त्व बी-१२ देखील कमी पडत जाते. येथे किती बायकांच्या अंगात रक्त पुरेसे आहे? गरोदरपणात आशाताईंनी घरपोच दिलेल्या लोहाच्या गोळ्या ज्या बाईला अंगी लागत नाहीत, ती दुकानातून आणलेली पोटाची गोळीही त्याच सकाळी घेत असेल, असा विचार कोणाच्या मनात येतो का? सिकलसेलचा आजार याच आदिवासी पट्ट्यात आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. त्या रुग्णांना हाडे पिळवटून काढणाऱ्या वेदनांचे झटके येतात, वेदनाशामक लागते, आणि त्याबरोबर ही गोळी येते. त्यांच्या मूत्रपिंडांवर आजाराचा भार आधीच असतो. आणखी एक गोष्ट: लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, आणि व्रणातून रक्त वाहू लागले तरी काळेच होते. लोहाचा काळेपणा घट्ट, हिरवट. रक्ताचा डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा. हा फरक प्रत्येक घरातल्या कर्त्या बाईला ठाऊक हवा, कारण त्यावर एखादा जीव वाचू शकतो.

मुदत हा शब्द या मातीत हलका नाही. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी जन्मभर राबायचे, अशी लग्नगड्याची वहिवाट येथे होती. त्या कर्जाला कागद असे, अंगठा असे, फेडीची मुदत तेवढी नसे. १९४५ साली, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारली जमले आणि पुढे शामराव व गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने त्यांनी ती रीत मोडून काढली. एका गोळीची त्या दुःखाशी तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु ज्यांच्या आजोबांनी "केव्हा सुटणार?" हा प्रश्न जिवावर उदार होऊन विचारला, त्यांच्या नातींनी "कवर खायची?" असे विचारल्यावर त्यांना नेमके उत्तर मिळावे, असे मला फार वाटते.

ते उत्तर देण्यास खर्च येत नाही. केसपेपरवर गोळीचे नाव लिहिले जातेच. त्याच ओळीत ती कशासाठी दिली आणि कोणत्या दिवशी बंद करावयाची, हे डॉक्टरांनी लिहावे. मुदत संपल्यावरही त्रास राहिला तर गोळी वाढविण्याऐवजी जंतूची तपासणी व्हावी. वजन घटत असेल, घास अडकत असेल, काळी शौच किंवा रक्ताची उलटी होत असेल, तर वय न पाहता दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावे. तलासरीच्या माणसाला त्यासाठी पालघरपेक्षा सिल्वासा, वापी किंवा वलसाड जवळ पडते, तेव्हा राज्याची सीमा ओलांडून आलेल्या रुग्णाचे कागद दोन्हीकडे ग्राह्य धरले जावेत. दुकानदारांनी स्ट्रिप कापताना नावाचे आणि तारखेचे टोक गिऱ्हाइकाच्या हाती पडेल अशी कापावी. आणि एकाच माणसाला तिसऱ्यांदा ती गोळी देताना "डॉक्टरांना दाखवा" एवढे म्हणावे.

त्याच पावसाळ्यात आमच्या चिकूच्या वाडीत कामाला येणाऱ्या एका बाईला चक्कर आली. चौकशी केली तेव्हा डांबरासारखे होत असल्याचे तिने खालमानेने सांगितले. लावणीपासून रोज अंगदुखीच्या दोन गोळ्या चालू होत्या. दुर्बिणीतून लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण दिसला, जंतू सापडला नाही. वेदनाशामक बंद झाले आणि आठ आठवड्यांची आम्लशामक गोळी सुरू झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर तारीख लिहिली, आणि तिला वाचता येत नाही हे ध्यानात येताच पेन खाली ठेवून विचारले, "मावशी, घट कधी बसतात ते ठाऊक आहे ना? घट बसले की गोळी बंद. त्याआधी नाही, त्यानंतर नाही." तिने बोटांच्या पेरांवर श्रावण मोजला, भादवा मोजला आणि मान हलविली.

घटस्थापनेच्या सकाळी ती वाडीवर आली ती थेट ओटीपाशी. पदराची गाठ सोडून तिने दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "आज घट बसले," ती म्हणाली, "ह्या उरल्या." आणि टोपली उचलून झाडांकडे गेली.